रेफरल साइट चालवताय? टर्म्स लिहायच्या आधी ही तीन उत्तरं तयार ठेवा

सांगली-मिरज भागात मी एक छोटी रेफरल साइट चालवतो. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गिझर फिटर, आरओवाला, सुतार. लोकांना माणूस पाहिजे असतो, आम्ही नंबर देतो, काम झालं की कारागीर आम्हाला थोडं कमिशन देतो, एवढा साधा धंदा. वकील नाही मी, पण एका नोटिशीमुळे हे सगळं मला शिकावं लागलं आणि अशीच साइट काढणारी बरीच पोरं आजकाल विचारतात की टर्म्स (म्हणजे साइट वापरायच्या अटी) कुठून घेऊ, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

झालं असं की दिवाळीच्या आधी एका ताईंनी साइटवरून गिझर बसवायला माणूस बोलावला. त्यानं बसवला, पैसे घेतले, गेला. थंड पाण्याच्या पाइपचा जॉइंट नीट बसला नव्हता, रात्रभर पाणी गळत राहिलं आणि सकाळी खालच्या फ्लॅटच्या हॉलचं पीओपी फुगून सोफ्यावर पडलं. फिटरचा फोन तेव्हापासून बंद. दहा दिवसांनी मला रजिस्टर्ड एडीनं वकिलाची नोटीस, बेचाळीस हजार रुपये भरा म्हणून. मी म्हटलं टर्म्समध्ये लिहिलंय ना, सेवेची जबाबदारी आमची नाही म्हणून. तर नोटिशीसोबत आमच्याच होमपेजचा रंगीत प्रिंट जोडलेला, वर मोठ्या अक्षरात "सर्व कारागीर तपासलेले आणि १००% खात्रीशीर". आणि ज्या टर्म्सच्या जोरावर मी बोलत होतो त्या एका अमेरिकन साइटवरून उचललेल्या, अठराव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलेलं की वाद झाला तर डेलावेअर राज्याचा कायदा लागू. सांगलीतल्या गिझरला डेलावेअरचा कायदा.

आमच्या वकीलसाहेबांनी कागद बघून तीनच प्रश्न विचारले. पैसे कुणाकडून घेता आणि ते कुठून जातात? खात्रीशीर म्हणता ते कशावरून? आणि या ताई तुमच्या टर्म्सना हो कधी म्हणाल्या? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. शेवटी निम्मे पैसे देऊन मिटवलं. पण आज कुणीही मला टर्म्सबद्दल विचारलं की मी हेच तीन प्रश्न पुढे करतो, कारण टर्म्सचं पान हे या उत्तरांवरूनच लिहायचं असतं, उलटं नाही जमत.

पैसे कुठून जातात

कागदावर स्वतःला काहीही म्हणा, रेफरल म्हणा, प्लॅटफॉर्म म्हणा, कोर्ट बघतं तुम्ही करता काय. ढोबळपणे तीन पायऱ्या आहेत. पहिली, तुम्ही फक्त नंबर दाखवता, पुढे गिऱ्हाईक आणि कारागीर आपसात बघून घेतात. दुसरी, तुम्ही गिऱ्हाइकाची चौकशी घेता आणि लीड म्हणून कारागिराला पाठवता. तिसरी, बुकिंग तुमच्याकडे होतं, पैसे तुमच्या खात्यात येतात, तुम्ही कमिशन कापून उरलेले कारागिराला देता. एक एक पायरी चढाल तशी जबाबदारी वाढत जाते, आणि लोक काय करतात की धंदा तिसऱ्या पायरीवर नेतात आणि टर्म्स पहिल्या पायरीच्या ठेवतात, तिथेच फसतात.

गिऱ्हाइकाकडून पैसे घेता की नाही हा मुद्दा तर फार महत्त्वाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. तुमची साइट गिऱ्हाइकाला पूर्ण फुकट असेल तर तो तुमचा ग्राहक आहे का यावर तुमच्या वकिलाला बोलायला जागा राहते. एकदा का तुम्ही ४९ रुपये बुकिंग फी घेतली की ती जागा गेली, तो तुमचा ग्राहक झाला आणि कमी सेवेची तक्रार सरळ तुमच्यावर करू शकतो. आणि तक्रार करणं त्याला अजिबात अवघड नाही, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्यामुळे ती ४९ रुपयांची फी घ्यायची का याचा नीट हिशोब करा. आम्ही बंद केली.

तिसऱ्या पायरीवर असाल तर सीएशी बोलल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. प्लंबिंग, सुतारकाम अशा घरकामाच्या सेवा ऑनलाइन ऑपरेटरमार्फत दिल्या आणि कारागिराला जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नसेल तर त्या कामावरचा जीएसटी ऑपरेटरनंच भरायचा असं केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खाली ठरलेलं आहे. म्हणजे फक्त तुमच्या कमिशनवर नाही, पूर्ण कामाच्या रकमेवर. हे माहीत नसताना दोन वर्षं धंदा केला तर नंतर निघणारी रक्कम डोळे पांढरे करणारी असते.

आणि काही क्षेत्रांत रेफरलचं कमिशन घेणंच चालत नाही किंवा लायसन्स लागतं, हे टर्म्समध्ये कितीही लिहिलं तरी सुटत नाही. प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकायला खरेदीदार आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणारा आणि त्याचा मोबदला घेणारा माणूस रेरा (घरबांधणी प्रकल्पांचा) कायदा २०१६ प्रमाणे एजंट आहे, मग ओळख साइटवरून करून दिली तरी, "कुठल्याही माध्यमातून" असेच शब्द आहेत व्याख्येत, म्हणजे महारेराची एजंट नोंदणी आधी. डॉक्टरांना पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत बंद आहे, त्यामुळे "आमच्याकडून पेशंट, तुमच्याकडून टक्के" असली साइट काढूच नका. वकिलांचं तर २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टानं स्पष्टच सांगितलं, वकिलांची ऑनलाइन जाहिरात आणि लीड विकणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही आणि अशा साइटना मध्यस्थ म्हणून मिळणारं संरक्षणही (ते काय ते खाली येतंय) मिळणार नाही. विमा, कर्ज, शेअर यांचे वेगळे नियामक आहेत, इर्डा, रिझर्व्ह बँक, सेबी, त्यांचे नियम वाचल्याशिवाय हात घालू नका.

अजून एक. "मित्राला आणा, त्यानं अजून दोन आणले की त्यावरही तुम्हाला पैसे" अशी साखळी कुणी सुचवली तर तिथल्या तिथे नाही म्हणा. एका माणसाला एका कामाबद्दल रेफरल बक्षीस वेगळं आणि माणसांखाली माणसं जोडून पैसे फिरवणं वेगळं, त्याला १९७८ चा मनी सर्क्युलेशन बंदीचा कायदा आहे आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांतही पिरॅमिड स्कीमला बंदी आहे. आपल्याकडे गावोगाव लोकांचे पैसे यात बुडालेत, त्या वाटेला जायचंच नाही.

खात्रीशीर म्हणता ते कशावरून

आता माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. टर्म्सचं पान रात्री अकरा वाजता वकिलासोबत बसून लिहिलेलं असतं आणि होमपेज डिझाइनवाल्या पोरानं दुपारी चहा पिता पिता भरलेलं असतं, आणि भांडण झालं की दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली जातात. खाली बारीक अक्षरात "आम्ही हमी देत नाही" आणि वर मोठ्या अक्षरात "१००% हमी", यात वरचंच धरलं जाणार, कारण गिऱ्हाइकानं तेच वाचून फोन लावला.

कायद्याच्या भाषेत बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ७९ म्हणजे आपल्यासारख्या साइटची छत्री. दुसऱ्यानं टाकलेल्या माहितीबद्दल मध्यस्थाला जबाबदार धरायचं नाही असं ते सांगतं. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलं की कोर्टाचा आदेश किंवा सरकारची कायदेशीर सूचना आली तरच ती माहिती काढण्याची सक्ती, कुणीही ईमेल पाठवला म्हणून नाही. पण छत्रीला अटी आहेत. ती माहिती दुसऱ्याची हवी, तुम्ही ती निवडलेली-बदललेली नको आणि तुम्ही नियमांप्रमाणे काळजी घेतलेली हवी. "खात्रीशीर" हा शब्द कारागिरानं टाकलेला नाही, तो तुमचा आहे. त्यावर छत्री येतच नाही.

म्हणून मी बसून साइटवरचा एक एक शब्द तपासला. "तपासलेले" काढलं आणि त्या जागी खरोखर काय तपासलं ते लिहिलं. आता प्रत्येक कारागिराच्या पानावर असं दिसतं: "ओळखपत्र पाहिले: होय, मार्च २०२५. पोलीस व्हेरिफिकेशन: नाही. कामाचा अनुभव: कारागिराने स्वतः सांगितलेला." बस. पोरं म्हणाली असं लिहिलं तर लोक फोन करणार नाहीत. उलट झालं, लोकांना आवडलं, एक आजोबा तर फोन करून म्हणाले निदान खरं तरी सांगता.

हिरवा टिक, ढाल, स्टार, "टॉप", "विश्वासू", "अधिकृत", ही सगळी याच जातीची चित्रं आणि शब्द आहेत. प्रत्येकाला विचारायचं, हे मी कागदावर सिद्ध करू शकतो का? नसेल तर काढायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, परत केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि तिथे गिऱ्हाइकानं तुम्हाला पैसे दिले होते का हा प्रश्नच येत नाही.

पैसे देऊन वर दाखवणं हा पण याचाच भाग. एखादा कारागीर महिन्याला हजार रुपये देतो म्हणून यादीत पहिला दिसतो, तर त्याच्या नावाशेजारी "जाहिरात" असं स्पष्ट दिसलं पाहिजे. २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार दिलेत, त्यात लपवलेली जाहिरात आहे, "फक्त २ स्लॉट शिल्लक" अशी खोटी घाईसुद्धा आहे. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत म्हटलंय की यादी कशावरून लावता त्याचे मुख्य निकष साध्या भाषेत सांगा. आम्ही दोन ओळीत लिहिलंय: "यादीचा क्रम जवळचं अंतर आणि मागच्या ९० दिवसांत किती फोन उचलले यावरून लागतो. जाहिरात असेल तिथे तसं लिहिलेलं असतं. प्रत्येक कामामागे कारागीर आम्हाला कमिशन देतो." हे शेवटचं वाक्य लिहायला फार जणांना जड जातं. लिहा. कमिशन लपवलं आणि नंतर कळलं तर लोक खूप चिडतात, आधी सांगितलं तर कुणी काही म्हणत नाही.

रिव्ह्यूबद्दल पण हेच. गिऱ्हाईक लिहितं ते गिऱ्हाइकाचं, तुम्ही त्याला हात लावलात की ते तुमचं होत जातं. वाईट रिव्ह्यू काढायला कारागिराकडून पैसे घेतले तर छत्री विसराच. मग एखादा कारागीर म्हणतो की माझी बदनामी केली, काढा. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, त्यामुळे त्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नका, पण लगेच घाबरून काढूही नका. आम्ही नियम ठेवलाय, शिव्या, जात, घरच्या बायकांवर लिहिलेलं, कुणाचा पत्ता-नंबर, हे लगेच जातं. बाकी "काम वाईट केलं, जास्त पैसे घेतले" हे राहतं, कारागिराला खाली उत्तर द्यायची जागा मिळते, आणि कोर्टाचा आदेश आणला तर काढतो. हाच नियम जसाच्या तसा टर्म्समध्ये पण लिहिलाय, म्हणजे कुणासाठी वेगळा न्याय नाही.

आता टर्म्स

वरचं झालं की टर्म्स लिहायला दोन संध्याकाळी पुरतात खरंच. मराठीत लिहा. गिऱ्हाईक मराठी, कारागीर मराठी, मग टर्म्स इंग्रजीत कशाला, उद्या तो म्हणणारच की मला कळलंच नाही. इंग्रजी प्रत ठेवायची असेल तर ठेवा पण दोन्हीत फरक आला तर कुठली धरायची ते लिहा.

सुरुवातीलाच तुम्ही कोण ते सांगा. नाव, पत्ता, धंदा कुठल्या नावानं आहे. साधी प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) असेल तर लक्षात ठेवा की धंद्याचं देणं तुमच्या घरादारापर्यंत येतं, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी केली तर साधारणपणे धंद्यापुरतं राहतं. मी नोटिशीनंतर एलएलपी केली. महाराष्ट्रात २० पेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टची नुसती ऑनलाइन सूचना पुरते, ते पण करून टाका.

मग मधला गाभा. आमचं कलम असं आहे, पाहिजे तर यावरून स्वतःचं लिहा:

"आम्ही कारागिरांची माहिती दाखवतो आणि तुमची चौकशी त्यांच्यापर्यंत पोचवतो. काम, त्याचा दर, वेळ आणि गॅरंटी हे तुमच्यात आणि कारागिरात ठरतं. कारागीर आमचा नोकर नाही. त्याच्या पानावर आम्ही काय तपासलं ते लिहिलेलं आहे, त्यापलीकडे आम्ही काही तपासलेलं नाही. काम सुरू करण्याआधी दर लिहून घ्या आणि पावती मागा."

बघा यात एकही अवघड शब्द नाही. आणि शेवटचं वाक्य कायद्यासाठी नाही, त्या ताईंसारख्या माणसासाठी आहे, त्यांच्याकडे पावती असती तर फिटरला शोधायला आम्हालाही सोपं गेलं असतं.

जबाबदारीची मर्यादा लिहा, पण हावरटपणा करू नका. "कुठल्याही परिस्थितीत कुठल्याही नुकसानाला आम्ही जबाबदार नाही" असं लिहिलं की वाचणाऱ्या न्यायाधीशांना पहिला राग तिथेच येतो. २०१९ च्या कायद्यात एकतर्फी, ग्राहकाला मारक करार म्हणजे अनुचित करार अशी वेगळी कल्पना आहे आणि राज्य आयोग असं कलम रद्द ठरवू शकतो. आम्ही असं लिहिलं: "कारागिराच्या कामातल्या चुकीला कारागीर जबाबदार. आमच्या स्वतःच्या चुकीमुळे नुकसान झालं, म्हणजे चुकीचा नंबर दिला, तपासलं असं लिहून तपासलं नाही, तर त्याची जबाबदारी आमची." स्वतःच्या चुकीची जबाबदारी कबूल केली की बाकीच्या नकाराला वजन येतं.

काही कलमं लोक हमखास घालतात आणि ती चालत नाहीत. "तक्रार ३० दिवसांत केली नाही तर हक्क संपला" हे भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २८ मुळे रद्दच, कायद्यानं दिलेली मुदत कराराने कमी करता येत नाही. "फक्त सांगली कोर्टात" हे कारागिरांशी केलेल्या करारात ठीक आहे, पण ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो, मग तो लातूरचा असो की ठाण्याचा. "वाद लवादाकडेच" (म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडेच) हे लिहिलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, सुप्रीम कोर्टानं एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात २०१८ ला ते पक्कं केलं. आणि लवाद आम्हीच एकटे नेमणार हे तर २०१९ नंतर टिकतच नाही. १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार मुळातच रद्द, म्हणून "मी १८ पूर्ण आहे" हे घ्याच.

कारागिरांशी वेगळा करार

हे बहुतेक जण विसरतात. गिऱ्हाइकाच्या टर्म्स आणि कारागिराचा करार एकाच पानात कोंबू नका. कारागिराच्या करारात त्यानं दिलेली माहिती खरी आहे, काम बिघडलं तर तो स्वतः भरून देईल आणि त्याच्यामुळे आम्हाला काही भरावं लागलं तर तो आम्हाला परत करेल असं लिहून घ्या, याला इंडेम्निटी म्हणतात, करार कायद्याचं कलम १२४. पण खरं सांगू का, ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्या इंडेम्निटीचं करायचं काय? त्यामुळे कागदासोबत माणूस सापडला पाहिजे. आम्ही आता राहता पत्ता, दुसरा एक नंबर, आणि ओळखीच्या दोन हार्डवेअर दुकानदारांची नावं घेतो, कारण फिटर गायब झाला तरी उधारी असलेल्या दुकानात येतोच. आधारची पूर्ण झेरॉक्स जमवत बसू नका, मास्क्ड आधार (पहिले आठ आकडे झाकलेलं) चालतं.

आणि कारागिरालाही न्यायानं वागवा. कमिशन किती, कधी, गिऱ्हाइकानं काम रद्द केलं तर काय, यादीतून काढायचं तर किती दिवस आधी सांगणार, हे सगळं त्याच्या समोर वाचून दाखवा. माझ्याकडे अर्धे जण दहावी पण नाहीत, त्यांना मी दुकानात बसवून चहा देऊन वाचून दाखवतो, वीस मिनिटं लागतात, पण नंतर "मला हे कुणी सांगितलंच नाही" असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

माहिती आणि तक्रारी

नाव, नंबर, पत्ता, कधी घरी असता, हे सगळं आपण गोळा करतो आणि एका अनोळखी माणसाला देतो, हे विसरू नका. विशेषतः एकट्या राहणाऱ्या बायका, म्हातारी माणसं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेत, म्हणजे तयारीला वेळ आहे पण फार नाही. डेटा सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. काय माहिती घेता, कशासाठी, कुणाला देता, नको म्हणायचं असेल तर कसं, हे संमती घेतानाच सांगायचं, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा, त्यात मराठी आहेच. आम्ही सोपा नियम केला, चौकशी एकाच कारागिराला जाते, पाच जणांना वाटत नाही, आणि काम झाल्यावर ९० दिवसांनी पत्ता पुसतो. एकच चौकशी दहा जणांना विकायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

तक्रार अधिकारी नेमा आणि त्याचं नाव, फोन, ईमेल साइटवर सहज दिसेल असं ठेवा. छोटी साइट असेल तर तुम्ही स्वतःच. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची, ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल. नुसते नंबर दाखवणारी साइट ई-कॉमर्समध्ये बसते का यावर वाद होऊ शकतो, पण बसते असं धरून चालणं स्वस्त पडतं. आयटी नियमांतल्या मुदती मधूनमधून बदलतात, त्यामुळे केंद्राच्या आयटी मंत्रालयाच्या साइटवरची ताजी प्रत काढून त्यावरून काम करा, कुणाच्या जुन्या पीडीएफवरून नको. आम्ही एक वही ठेवलीय, हो साधी वही, तारीख, वेळ, कोण, काय म्हणाले, आपण काय केलं. ज्या दिवशी परत नोटीस येईल त्या दिवशी ही वहीच बोलेल.

हो कधी म्हणाल्या

आता तिसरा प्रश्न. फूटरमध्ये (पानाच्या तळाशी) टर्म्सची लिंक आहे म्हणजे गिऱ्हाइकानं मान्य केलं, असं धरून बसू नका. ऑनलाइन करार आपल्याकडे चालतो, आयटी कायद्याच्या कलम १०अ मध्ये ते आहे, पण समोरच्यानं काहीतरी करून हो म्हटलेलं दिसलं पाहिजे. ओटीपी टाकायच्या पानावरच एक रिकामा चौकोन ठेवा, शेजारी "मी अटी वाचल्या, मला मान्य आहेत" आणि अटींची लिंक, चौकोनात टिक केल्याशिवाय पुढचं बटण चालू होऊ द्यायचं नाही. टिक आधीच मारून ठेवायची नाही, ई-कॉमर्स नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून चौकशी येत असेल तर पहिला ऑटो मेसेज अटींच्या चार ओळी आणि लिंक, "हो" असं उत्तर आल्यावरच नंबर द्यायचा.

मग त्या "हो"ची नोंद ठेवा. मोबाइल नंबर, तारीख, वेळ, आणि टर्म्सची कुठली आवृत्ती होती. दर वेळी टर्म्स बदलल्या की जुनी प्रत तारखेसह बाजूला ठेवायची, तिच्यावरच लिहून नवी करायची नाही, कारण कोर्ट विचारणार की त्या दिवशी पानावर काय होतं. अटी बदलल्या की जुन्या लोकांना मेसेज करून कळवायचं, आणि बदल कळवल्या तारखेपासून पुढच्या कामालाच लागू. संगणकातली नोंद कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, एक भाग नोंद सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसह (नोंद नंतर बदललेली नाही हे दाखवणारा कोड). तेव्हा साइट बनवणाऱ्या पोराला आजच सांगून ठेवा की लॉग सहा महिन्यांनी आपोआप उडवायचा नाही.

आमच्या लॉगमध्ये पहिली नोंद आहे ती सोमवारी सकाळी ९ वाजून १२ मिनिटांची, सांगलीतल्या विश्रामबागमधून, आरओचा फिल्टर बदलायचा होता, आवृत्ती २. त्याच्या खाली आता काही हजार ओळी झाल्यात, आणि दर रविवारी त्याची एक प्रत मी पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवतो.